माऊस तिच्या हातात राहू दे गे

पत्र मूळ चार पानी होतं, कापून देते:

"ताई, मी खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातली. दहावीपर्यंत मराठी मीडियम, आता बेळगावात बीएस्सीच्या पाचव्या सेमला, गणित-स्टॅट्स-कॉम्प्युटर. टिळकवाडीत चौघी पोरी रूम करून राहतो. स्टॅट्स मला बऱ्यापैकी जमतं, त्यामुळे रात्री दहा वाजले की सगळ्या लॅपटॉप घेऊन माझ्या गादीवर. एक्सेल, आर, पायथन, आकडेमोडीचं जे काय सॉफ्टवेअर असेल ते मीच करून देते. गेल्या सेमला एका रूममेटचं अख्खं जर्नल, म्हणजे प्रॅक्टिकलची वही, मी केलं, व्हायवात (तोंडी परीक्षेत) बाहेरनं आलेल्या एक्स्टर्नलनी तिला साधं विचारलं की हा आकडा कुठनं आला, तिला सांगता आलं नाही, मार्क गेले. आता ती म्हणते तू नीट समजावलंच नाहीस, आणि दीड महिना बोलत नाही. त्यात मॅडमनी सांगितलंय की मंगळवार-शुक्रवार तीन ते पाच लॅबमध्ये बस, फर्स्ट इयरच्या पोरांना गणित, स्टॅट्स, सॉफ्टवेअर, जे अडेल ते सांग. पहिल्या आठवड्यात दोघंच आले. मला सगळं येत नाही, माझं कन्नड तोडकंमोडकं, आणि माझा अभ्यास पण आहे. हो म्हणू की नको? ता.क. माझी आरची एक फाइल चालेना झालीय, सोबत जोडलीय, जमलं तर बघाल का?"

अगं, ता.क. वाचून मला हसूच फुटलं. चार पानं तू रडतेस की सगळ्याजणी आपापलं काम माझ्या गळ्यात मारतात, आणि शेवटच्या ओळीत स्वतःची फाइल माझ्या गळ्यात! असू दे, फाइलचं शेवटी बघू.

लॅबला हो म्हण. पण रात्री दहाचं दुकान बंद कर, आजपासनं. ही दोन्ही कामं तुला एकच वाटतात कारण दोन्हीकडे पोरी लॅपटॉप घेऊन येतात, पण गादीवर जे चालतं ती मदत नाही, हमाली आहे. त्यात तुझा दोष आहेच पण त्याला कारणही आहे, ते म्हणजे करून देणं हे समजावण्यापेक्षा कितीतरी सोपं असतं. जे प्रॅक्टिकल तू पंधरा मिनिटात उरकतेस तेच समोरचीकडनं करून घ्यायला दीड तास जातो, झोप आलेली असते, सकाळी आठचं लेक्चर असतं, मग आपण म्हणतो आण गे इकडं. मी पण हेच केलंय. आमच्या वेळी लॅपटॉप नव्हते, लॉग टेबल आणि ग्राफ पेपर होता, एका मैत्रिणीचे सगळे ग्राफ मी काढून दिले आणि सरांनी आकड्यांवरचं माझं अक्षर ओळखलं, पाठमोडी सात मी लिहिते तशी दुसरी कुणी लिहितच नव्हती. दोघींना अख्खं जर्नल परत लिहायला लावलं. तेव्हा वाटलं केवढा अन्याय, आता वाटतं सर शहाणे होते, व्हायवाच्या आधीच पकडलं.

तर लॅबमध्ये एकच नियम पाळ, बाकी सगळं आपोआप येतं. माऊस तिच्या हातात, पेन तिच्या हातात. तुझे हात मांडीवर. सुरुवातीला हात शिवशिवतील, ती कर्सर इकडंतिकडं फिरवत बसेल आणि तुला दिसत असेल की बटण तिथंच वर आहे, तरी गप्प बसायचं. फार तर तोंडानं सांग, "वर डावीकडं बघ."

म्हणजे नेमकं काय करायचं ते सांगते, कारण "समजावून सांग" म्हणणं सोपं आहे. समज मंगळवारी एक पोरगी आली आणि म्हणाली, अक्का, एक्सेल चुकूलालंय. तिनं पाच दिवस गावाकडची बस किती मिनिटं लेट आली ते लिहिलंय: ४, ६, ८, १०, १२. सरासरी ८. हातानं स्टँडर्ड डेव्हिएशन (आकडे सरासरीच्या आजूबाजूला किती पसरलेत त्याचं माप) काढलं तर २.८३ आलं, एक्सेलमध्ये त्याचं सूत्र, स्टडेव्ह डॉट एस, टाकलं तर ३.१६. तू काय करशील? रात्री दहाची तू असशील तर म्हणशील, डॉट एस नको डॉट पी टाक, झालं, जा. उत्तर जुळेल, पोरगी खूश होऊन जाईल, आणि पुढच्या आठवड्यात आरमध्ये तोच डेटा घातला की तिला परत ३.१६ येणार आणि ती परत तुझ्या दारात. पायथनमध्ये तर आणखी गंमत, त्यातल्याच दोन लायब्रऱ्या, नमपाय २.८३ देतं आणि पांडास ३.१६, आपापल्या डिफॉल्टप्रमाणे. मग ती म्हणणार सगळीच सॉफ्टवेअरं खोटी.

त्यापेक्षा तिला कागदावर फक्त सरासरीपासनंचे फरक लिहायला सांग. उणे ४, उणे २, ०, २, ४. मग शेवटच्या ४ वर तुझा हात ठेव आणि तिला विचार, हाताखाली काय आहे? ती म्हणेल आत्ताच तर लिहिलं. तिला म्हण विसर, नुसत्या पहिल्या चारांवरनं सांग. थोडा वेळ जाईल, मग तिच्या लक्षात येईल की सरासरीपासनंच्या फरकांची बेरीज शून्यच यायला पाहिजे, पहिल्या चारांची उणे ४ होते, म्हणजे पाचवा ४ च असणार, त्याला दुसरं काही व्हायची मुभाच नाही. पाच आकडे दिसतात पण मोकळे चारच. सरासरी त्याच पाचातनं काढली ना, तिथं एक खर्ची पडला. आता फरकांच्या वर्गांची बेरीज ४०, तिला ५ नं भागलं की ८, त्याचं वर्गमूळ २.८३, आणि ४ नं भागलं की १०, त्याचं वर्गमूळ ३.१६. हे पाच दिवस म्हणजे थोडासा नमुना आणि त्यावरनं वर्षभराच्या बसचा अंदाज करायचा असेल तर ४ नं भाग, पाचच दिवसांचं बोलायचं असेल तर ५ नं. एस म्हणजे सॅम्पल, पी म्हणजे पॉप्युलेशन. दहा मिनिटं गेली, पण आता हिला कुठलाही एक्स्टर्नल विचारू दे हा आकडा कुठनं आला. तुझ्या रूममेटला हीच दहा मिनिटं मिळाली नाहीत, आणि खरं सांगू, तिनं मागितली पण नाहीत, म्हणजे तिचाही वाटा आहेच, सगळं खापर तुझ्या डोक्यावर फोडून घेऊ नकोस.

दोघंच आले म्हणून मन खट्टू करून घेऊ नको. आधी मला सांग, दारावर कागद काय लावलाय? माझा अंदाज, "अभ्यासात कमी असलेल्या विद्यार्थ्यांसाठी" असलं काहीतरी असणार. असला बोर्ड वाचून कोण आत येईल गे, आपल्याकडं तर अजिबातच नाही, उद्या गावातल्या कुणी बघितलं तर संध्याकाळपर्यंत घरी कळतं की पोरगी ढ वर्गात बसते. अमेरिकेत कॅन्सस सिटीला मिसुरी विद्यापीठात १९७३ मध्ये डिआना मार्टिन नावाच्या बाईंनी सप्लिमेंटल इन्स्ट्रक्शन नावाची पद्धत काढली, तिची खुबी हीच की अवघड पोरं शोधायची नाहीत, अवघड विषय शोधायचा. ज्या पेपरात दरवर्षी ढीगभर जण आपटतात त्या पेपराला हा तास जोडायचा आणि तो सगळ्यांना खुला, डिस्टिंक्शनवाल्याला पण. जो सीनियर बसतो तो ज्युनियरांबरोबर ते लेक्चर परत ऐकतो आणि स्वतः लेक्चर झोडत नाही, पोरांनाच एकमेकांत बोलायला लावतो. तू पण मॅडमना सांगून बोर्ड बदल. "मंगळवार: प्रॉबॅबिलिटीचं तिसरं प्रॅक्टिकल, जमत नसलेले आणि जमलेले सगळे या" असं लिही.

अमेरिकेतच बर्कली विद्यापीठात यूरी ट्राइसमन नावाच्या गणिताच्या सरांनी १९७० च्या दशकात कॅल्क्युलसच्या पोरांचं निरीक्षण केलं होतं, ते मला फार आवडतं. कृष्णवर्णीय पोरं मागं पडत होती आणि सगळे म्हणायचे मेहनत कमी असेल, पाया कच्चा असेल. बघितलं तर मेहनत भरपूर, पण एकट्यानं, दार लावून. चिनी वंशाची पोरं आधी एकटी अभ्यास करायची आणि मग एकत्र बसून एकमेकांची गणितं तपासायची, चूक कुठं झाली ते तिथंच कळायचं. मग त्यांनी पोरांना एकत्र बसवलं आणि सोपी गणितं न देता नेहमीपेक्षा अवघड दिली. ती अवघड गणितं दिली हे महत्त्वाचं, त्यामुळं तिथं जाणं कमीपणाचं राहिलं नाही. तू पण दर वेळी एखादं असं गणित फळ्यावर ठेव ज्यावर तुझंही डोकं अडलंय.

त्यावरनं तुझी दुसरी भीती, की मला सगळं येत नाही. येऊच नये. बेळगावात वाढलेल्या कुणालाही एक कन्नड शब्द शिकवावा लागत नाही, गोत्तिल्ला. बसमध्ये, बाजारात, ऑफिसात आपण तो रोज वापरतो, कधी खरं नसताना पण वापरतो. लॅबमध्ये खराच वापर, फक्त त्याला पुढं एक शब्द जोड: गोत्तिल्ला, नोडोण. माहीत नाही, बघूया. आणि मग खरंच तिच्यासमोर बघ. एरर मोठ्यानं वाचायला लाव तिला, शब्द न शब्द. निम्म्या पोरी लाल अक्षरं दिसली की खिडकीच बंद करतात, वाचतच नाहीत, आणि त्या लाल अक्षरांत बहुतेक वेळा ओळ नंबरसकट सगळं लिहिलेलं असतं. तू न येणारी गोष्ट कशी शोधतेस हे बघणं तिला तुझ्या तयार उत्तरापेक्षा जास्त उपयोगी पडतं.

काही गोष्टी मात्र आधीच माहीत करून ठेव कारण त्या दर वर्षी येणारच. क्लास इंटर्व्हल, म्हणजे आकड्यांचे गट. ५-१० असं टाइप केलं की एक्सेल त्याची तारीख करून टाकतं, मशीनच्या सेटिंगप्रमाणे कुठं ५ ऑक्टोबर, कुठं १० मे, आणि बिचारी पोरगी डिलीट करून परत टाइप करते, परत तारीख. सेल आधी टेक्स्ट करून घ्यायचा नाहीतर आधी अपॉस्ट्रॉफी मारायची. याला हसू नको, जीन्सना नावं देणारी जगातली जी कमिटी आहे तिनं २०२० मध्ये काही माणसाच्या जीन्सची नावंच बदलून टाकली, मार्च१ चं मार्चएफ१ केलं, सेप्ट१ चं सेप्टिन१ केलं, कारण एक्सेल त्यांच्या तारखा करून टाकत होतं. शास्त्रज्ञांनी हात टेकले तिथं फर्स्ट इयरच्या पोरीचं काय. ही गोष्ट सांगितली की पोरींची अर्धी लाज तिथंच जाते, मी बघितलंय.

कन्नडचं म्हणशील तर काळजी करू नको. मी पीयूसीला, म्हणजे अकरावीला, गेले तेव्हा पहिल्याच दिवशी सरांनी "लेट एप्सिलॉन बी ग्रेटर दॅन झीरो" म्हणून सुरुवात केली आणि मी वहीत देवनागरीत "लेटेप्सिलॉन" लिहून ठेवलं, आठवडाभर वाटत होतं हा कुणीतरी शास्त्रज्ञ, एप्सिलॉन हे नुसतं ग्रीक अक्षर आहे हे कुठं माहीत. सोडवलं कुणी तर बाजूला बसणाऱ्या बैलहोंगलच्या पोरीनं. तिला मराठी येत नव्हतं, मला कन्नड बाजारापुरतं, इंग्रजी दोघींचं सारखंच फाटकं. तरी जमायचं कारण कागद मध्ये असायचा. ग्राफला भाषा लागत नाही, आणि कितीतरी शब्द तर सामायिकच आहेत, गणिताला गणित, सरासरीला सरासरी. तू मराठीत बोल, ती कन्नडात बोलू दे, अडलं तर तिसऱ्या कुणालातरी मध्ये घ्या. उलट समोरच्याला दोनदा वेगळ्या शब्दांत सांगावं लागलं की आपल्याला किती कळलंय ते आपल्यालाच कळतं. आणि सॉफ्टवेअरसाठी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पाचे छोटे छोटे व्हिडिओ आहेत, फुकट, स्क्रीन इंग्रजीच पण आवाज मराठीत, कन्नडात, बऱ्याच भाषांत, लिबरऑफिसपासनं पायथनपर्यंत. ते बघायची पद्धत पण तीच, एका बाजूला व्हिडिओ, एका बाजूला सॉफ्टवेअर, थांबवत थांबवत स्वतः करायचं. तू नसशील त्या दिवशी पोरींना ते दाखवून ठेव.

तू लिहिलं नाहीस पण मनात असेल, की चॅटजीपीटी असताना माझ्याकडं कोण येणार. येतील. ते पण रात्री दहाच्या तुझ्यासारखंच आहे, मागितलं की लगेच करून देतं, आणि व्हायवात बरोबर येत नाही. कोड त्यानं लिहिलेला असू दे, तिला एकेक ओळ बोट ठेवून सांगायला लाव की ही ओळ गेली तर काय बिघडेल. सांगता आलं तर माझी काही हरकत नाही.

आता तुझ्या वेळेचं. इथं जरा सावध राहा. पोरांनी पोरांना शिकवणं ही काय परदेशी कल्पना नाही, आपल्या दक्षिणेतलीच आहे. अठराव्या शतकाच्या शेवटी मद्रासमध्ये एग्मोरच्या अनाथाश्रमाची शाळा अँड्र्यू बेल नावाचा पाद्री सांभाळायचा, त्यानं इथल्या गावठी शाळेत पोरं वाळूत बोटानं अक्षरं गिरवताना बघितली, आपण धुळाक्षरं म्हणतो तीच, आणि मोठ्या पोरांनी लहानांना शिकवायची पद्धत लावली. १७९७ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं, इंग्लंडात ती मद्रास सिस्टीम म्हणून गाजली. पण तिथं पुढं काय झालं, शेकडो पोरांना एकच मास्तर ठेवायचा आणि बाकी काम मोठ्या पोरांकडनं फुकटात करून घ्यायचं, हे संस्थांना फारच स्वस्त पडलं. म्हणून म्हणते, मॅडमशी आधीच बोलून घे. आठवड्याला चार तास म्हणजे चारच. पाच वाजता लॅब बंद, तुझी खोली जवळ आहे पण ज्युनियरांना गावच्या बस पकडायच्या असतात. इंटर्नल्सच्या आधीचा आठवडा सुट्टी. मार्कांचं असाइनमेंट कुणाचंही करून द्यायचं नाही, त्यातली कल्पना समजावायची आणि दुसऱ्या आकड्यांवर करून घ्यायचं. जो धडा वर्गात शिकवलाच गेला नाही तो शिकवायचं काम तुझं नाही, तसं नेहमी व्हायला लागलं तर वहीत टिपून मॅडमना दाखव, किती जण कुठल्या टॉपिकला अडले ते त्यांनाही उपयोगी पडेल. मानधन मिळतं का विचार, लाजू नको, नसेल तर निदान सर्टिफिकेट किंवा एमएस्सीच्या ॲडमिशनला लागणारं पत्र तरी. आणि एखादी पोरगी गणित काढता काढता रडायला लागली, किंवा बोलण्यातनं कळलं की घरी काहीतरी वेगळंच चाललंय, फी भरलेली नाही, लग्नाचं बघताहेत, तर पाणी दे, ऐकून घे, पण ते तू एकटीनं सोडवायचं नाही, मॅडमपर्यंत तिला घेऊन जा.

रूममेटचा अबोला. तिला लांबलचक मेसेज टाइप करत बसू नको, स्क्रीनशॉट चौघीत फिरेल. ती चहा करत असेल तेव्हा जाऊन सांग की जर्नल मी करून द्यायला नको होतं, तुला राग आला ते बरोबर आहे, आणि आता मी कुणालाच करून देणार नाही, पण तुला ते प्रॅक्टिकल परत करायचं असेल तर शुक्रवारी लॅबमध्ये बसू, तू कर, मी बाजूला असते. नाही म्हणाली तर नाही. बाकीच्या दोघी पण दोन-चार रात्री फुरंगटतील, दहा वाजता गादीवर बसून म्हणतील एवढं मोठं काय झालंय तुझं. होऊ दे.

तुझी फाइल उघडली. चूक दिसली, दोन मिनिटाची आहे, मी दुरुस्त केलेली नाही आणि परत पाठवणार पण नाही. आर म्हणतंय की फाइल सापडत नाही, आणि तू म्हणतेस फोल्डरमध्ये ती समोर दिसतेय. दोघंही खरं बोलताय. फाइल एक्स्प्लोररमध्ये व्ह्यू मध्ये जा, फाइल नेम एक्स्टेन्शन्सवर टिक कर, आणि मग तुझ्या डेटाच्या फाइलचं नाव शेवटपर्यंत वाच. मोठ्यानं.